एक मैदान, दोन संघ : सॅन होजे ते वेस्ट सॅक्रामेंटो

कॅलिफोर्नियातल्या वेस्ट सॅक्रामेंटोचं सटर हेल्थ पार्क २००० साली बांधलं ते मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पायऱ्यांवरच्या बेसबॉलसाठी. साधारण चौदा हजार माणसांची सोय, त्यातही बरीच माणसं आउटफिल्डमागच्या हिरवळीवर चादर टाकून बसणारी. २०२५पासून तिथे अ‍ॅथलेटिक्स हा मेजर लीगचा, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीचा संघही मुक्कामाला आला, कारण ओकलंडचं घर सुटलं आणि लास वेगासचं नवं मैदान २०२८शिवाय तयार होणार नाही. जुना रहिवासी म्हणजे रिव्हर कॅट्स हा ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या एकच पायरी खालचा संघ, तोही तिथेच खेळतो. मोठे दौऱ्यावर गेले की छोटे खेळतात, मोठे परतले की छोटे गावोगाव निघतात. मोठ्यांचे वर्षाला ८१ सामने, छोट्यांचे ७५, सगळे एकाच गवतावर.

मुलाने फ्रीमाँटच्या घरी हे सांगितलं तेव्हाच ठरवलं की दोन्ही सामने पाहायचे, शक्य तर लागोपाठ. नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानावर क्लबांचे सामने मी वर्षानुवर्षं स्कोअरर म्हणून लिहिले आहेत. खेळ कुठलाही असो, कोण कुठल्या पायरीवर खेळतोय याचं मला फार कुतूहल. मुलाने २०२५च्या ऑगस्टातला असा एक आठवडाअखेर शोधला की रविवारी रिव्हर कॅट्सचे सामने संपतात आणि सोमवारी अ‍ॅथलेटिक्सचे सुरू होतात. मुलगा, सून, सॉफ्टबॉल खेळणारी नात ईशा, ही आणि मी अशी वरात निघाली. ‘एवढं चाललोच आहोत तर खालच्या पायरीपासून सुरुवात करू’ असं ईशाचं म्हणणं पडलं, म्हणून आधी सॅन होजे.

शुक्रवार, सॅन होजे

बेसबॉलमध्ये प्रत्येक मोठ्या क्लबच्या हाताखाली चार संघ असतात : सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. तीस क्लब, म्हणजे १२० छोटे संघ, त्यातले बरेच लहान गावांत. सॅन होजे जायंट्स हा सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा सिंगल-ए संघ. त्यांचं मैदान १९४२चं, जाड काँक्रीटचं, बुटकं. भिंतींवर रंगवलेली चित्रं, आत शिरल्या शिरल्या बार्बेक्यूचा धूर. पहिल्या पाच मिनिटांतच मला ते आवडलं.

खेळणारी पोरं एकोणीस-वीस वर्षांची. आम्ही तिसऱ्या बेसच्या बाजूला इतके जवळ होतो की कॅचर (आपला यष्टिरक्षकच) पिचरकडे, म्हणजे गोलंदाजाकडे जाऊन हातमोजा तोंडापुढे धरून काहीतरी पुटपुटायचा, तेही जवळजवळ ऐकू यायचं. पाहुण्या संघाच्या पिचरच्या चेहऱ्यावर अजून मुरुमं होती. त्याचा पाचवा की सहावा चेंडू बॅटरच्या पाठीमागून गेला. चेंडू पाठीत बसता तर सामना तिथेच तापला असता. बॅटर मात्र हसला आणि पिचरने हात वर करून माफी मागितली.

इथला एक प्रकार आमच्या हिला भयंकर वाटला. सामना सुरू होताना पाहुण्या संघातला एक बॅटर ‘बिअर बॅटर’ म्हणून जाहीर होतो. तो स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइकवर (हुकलेल्या किंवा सोडलेल्या चांगल्या चेंडूंवर) बाद झाला, की थोडा वेळ बिअर अर्ध्या किमतीत. त्यामुळे तो बिचारा मैदानात आला की सगळं स्टँड त्याच्या वाईटावर उठतं. पहिल्या खेपेला त्याने चार ‘बॉल’, म्हणजे बाहेर टाकलेले चेंडू, सोडून फुकटात पहिला बेस गाठला आणि आमच्या मागचा घोळका हळहळला. दुसऱ्या खेपेला तीन स्ट्राइक झाले आणि अख्खी रांग रिकामी झाली. ‘पोराच्या आईने हे बघितलं तर काय वाटेल तिला?’ ही म्हणाली. ईशाने सांगितलं, ‘आजी, आई इथेच कुठेतरी बसली असेल.’ खरंच, खेळाडूंच्या घरच्यांची एक रांग पलीकडे होती. त्यातली एक बाई दर चेंडूला डोळे मिटून घ्यायची.

या पोरांच्या पगाराचं मुलाने सांगितलं तेव्हा पटेना. २०२३मध्ये खेळाडूंच्या संघटनेने मायनर लीगसाठी पहिल्यांदा करार केला. त्यात सिंगल-एचा किमान पगार वर्षाला २६,२०० डॉलर ठरला आणि ट्रिपल-एचा ३५,८००. वर मेजर लीगमध्ये २०२५चा किमान पगार ७,६०,००० डॉलर. मधली दरी पाहा! खालून वर जाणारे थोडे, पण जाणारे जातात. बस्टर पोझी २००९मध्ये याच सॅन होजेकडून खेळला. पुढच्या वर्षी तो मेजर लीगमधल्या नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने वर्ल्ड सीरिज, म्हणजे मेजर लीगचं अजिंक्यपद जिंकलं, आणि आता तो त्याच क्लबच्या बेसबॉल विभागाचा प्रमुख आहे.

नऊपैकी सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळं मैदान उभं राहून गाणं म्हणतं, तेव्हा आपणही उभं राहायचं. शब्द येत नसले तरी चालतं, माझ्या शेजारच्या चार वर्षांच्या मुलालाही येत नव्हते.

जाणाऱ्यांसाठी : ऑगस्ट असला तरी इथे संध्याकाळी हवा गार होते, जॅकेट बरोबर ठेवा. शाकाहारी माणसाला नाचोज, प्रेट्झल, चुरो मिळतात, पोट भरतं. पुढच्या रांगांची तिकिटंही परवडतात, त्यामुळे स्वस्तातलं तिकीट काढून लांब बसण्यात अर्थ नाही. फक्त फाऊल चेंडू थेट अंगावर येतात. मोबाइलमध्ये डोकं घालून बसू नका.

शनिवार, रेल्वे आणि रिव्हर कॅट्स

फ्रीमाँटच्या सेंटरव्हिल स्टेशनवरून कॅपिटॉल कॉरिडॉरची गाडी थेट सॅक्रामेंटोला जाते. गाडीने जायचा हट्ट माझा होता आणि तो फळला. वाटेत ओकलंड कोलिझियम नावाचं स्टेशन लागतं. उजवीकडे की डावीकडे बसायचं यावरून आमच्यात वाद झाला, पण ते काँक्रीटचं वर्तुळ एवढं मोठं आहे की चुकत नाही. १९६६चं मैदान. अ‍ॅथलेटिक्स १९६८मध्ये इथे आले, इथून १९७२, ७३, ७४ आणि १९८९च्या वर्ल्ड सीरिज जिंकले. शेजारच्या हॉलमधला बास्केटबॉलचा वॉरियर्स २०१९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेला, अमेरिकन फुटबॉलचा रेडर्स २०२०मध्ये लास वेगासला, आणि २६ सप्टेंबर २०२४ला अ‍ॅथलेटिक्सचा इथला शेवटचा सामना झाला. ४६,८८९ माणसं आली होती. आता ओकलंड रूट्स हा सॉकरचा संघ तिथे खेळतो. गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबली. आमच्या डब्यात हिरवी टोपी घातलेला एक जण चढला आणि खिडकीकडे पाठ करून बसला.

पुढे खाडीच्या कडेकडेने रूळ जातात, मग मोठा पूल, मग सुसुनची दलदल. पाण्यात उभे पांढरे बगळे आणि बाकी सगळं वाळलेलं पिवळं गवत. ‘हे आपल्या सिन्नरसारखं नाही का?’ असं ही दोनदा म्हणाली. मला नाही वाटलं.

सॅक्रामेंटोला उतरलो आणि उन्हाने मुस्काटात मारली. चाळीसच्या आसपास तापमान, तेही कोरडं. हॉटेलवर जाऊन पडदे ओढून पडलो ते साडेपाचपर्यंत. मैदान नदीच्या पलीकडे, म्हणजे वेगळ्या गावात, वेस्ट सॅक्रामेंटोत. जायचं टॉवर ब्रिजवरून चालत. १९३५चा हा पूल सोनेरी रंगाचा आहे, मधला भाग सरळ वर उचलला जातो. सामन्याला निघालेली माणसं पुलाच्या दोन्ही बाजूंनी चालत होती, बहुतेक सगळे मुलाबाळांसकट, काहींच्या खांद्यावर चादरी.

आता या सामन्याची गंमत सांगतो, नीट लक्ष द्या. रिव्हर कॅट्स २०००पासून २०१४पर्यंत ओकलंडच्या अ‍ॅथलेटिक्सचा ट्रिपल-ए संघ होता. २०१५पासून तो सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा झाला. अ‍ॅथलेटिक्सचा आताचा ट्रिपल-ए संघ म्हणजे लास वेगास एव्हिएटर्स. आणि त्या शनिवारी पाहुणा संघ होता तो नेमका एव्हिएटर्स! म्हणजे अ‍ॅथलेटिक्सची उद्याची पोरं स्वतःच्या थोरल्या संघाच्या घरच्या मैदानावर पाहुणी म्हणून उतरली होती आणि यजमानांच्या डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकांवर, जायंट्सची पोरं बसली होती. स्टँडमध्ये कुणाच्या डोक्यावर जायंट्सची नारिंगी-काळी टोपी, कुणाच्या अ‍ॅथलेटिक्सची हिरवी, आणि दोघं एकाच पोराला टाळ्या वाजवतायत. मुलाने हे मला दोनदा समजावलं, मी हिला एकदा. तिने ऐकून घेतलं आणि नाचोज मागवले.

आमच्या शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या. मांडीवर रिंगांची वही, कानावर पेन्सिल. वहीत प्रत्येक बॅटरसमोर प्रत्येक इनिंगचा चौकोन, चौकोनात बेसबॉलच्या मैदानाचा फिकट छापलेला शंकरपाळी आकार. मी वाकून बघायला लागलो तसं त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. चेंडू कुणाकडून कुणाकडे गेला ते आकड्यांत लिहितात : पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) ६, आउटफिल्डचे डावीकडून ७, ८, ९. ‘६-४-३’ लिहिलं की शॉर्टस्टॉपने उचलला, दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्याला, दोघे बाद. स्ट्राइकआउटला इंग्रजी ‘के’. बॅट न हलवता नुसता बघत उभा राहून बाद झाला तर तोच ‘के’ उलटा. बाईंची पेन्सिल चेंडू हातमोज्यात पोचायच्या आत कागदावर टेकायची. मीही त्यांच्या पानाच्या कडेला आपली पद्धत काढून दाखवली : सहा निर्धाव चेंडूंचे सहा टिंब, ते जोडले की मेडन षटकाचा ‘एम’, त्यात विकेट पडली असेल तर तेच टिंब उलटे जोडून ‘डब्ल्यू’. त्यांनी सहा टिंब स्वतः काढून जोडून पाहिले आणि पुढची दोन-तीन मिनिटं मैदानाकडे लक्षच दिलं नाही. त्या दोन-तीन मिनिटांत एक होम रन, म्हणजे थेट मैदानाबाहेरचा फटका, गेला. ईशाने त्यांना सांगितलं, त्यांनी शांतपणे नोंद केली.

बाई २०००पासून या मैदानावर येतात. ओकलंडला वर गेलेले खेळाडू त्यांना इथलेच म्हणून आठवतात, मग जायंट्सचे आले तेही आपलेच झाले. अ‍ॅथलेटिक्सचं विचारलं तर म्हणाल्या, ‘ते भाड्याने राहायला आलेत, आम्ही घरचे.’ मोठ्यांच्या सामन्यांना त्या जात नाहीत. तिकीट महाग, शिवाय आवाज फार.

या घरचा संघ कुणाच्या मालकीचा, ही मराठी वाचकासाठी खास बातमी. सॅक्रामेंटो किंग्ज हा बास्केटबॉलचा संघ विवेक रणदिवे यांच्या नेतृत्वाखालच्या गटाकडे २०१३पासून आहे आणि २०२२मध्ये रिव्हर कॅट्सही त्याच गटाकडे आला. रणदिवे जन्माने मुंबईकर, सोळाव्या वर्षी एमआयटीत शिकायला अमेरिकेत आलेले. ‘आपले रणदिवे?’ हिने विचारलं, आणि सामन्यात पहिल्यांदा तिला रस आला.

माझ्या दृष्टीने संध्याकाळची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चॅलेंज. ट्रिपल-एमध्ये स्ट्राइक की बॉल, म्हणजे चेंडू बॅटरपुढच्या काल्पनिक चौकटीत की बाहेर, यावर अंपायरचा निर्णय पटला नाही तर बॅटर, पिचर किंवा कॅचर लगेच डोक्यावर टपली मारतो. बस्स. कर्णधाराची चर्चा नाही, डगआउटकडे बघणं नाही. मोठ्या पडद्यावर चेंडूचा मार्ग आणि चौकट दिसते, काही सेकंदांत निकाल. प्रत्येक संघाला दोन संधी, बरोबर ठरला तर संधी कायम. आपला डीआरएस बघून बघून कंटाळलेल्या माणसाला हे फार सुटसुटीत वाटलं. एका रिव्हर कॅट्सवाल्याने तिसऱ्या स्ट्राइकवर टपली मारली, पडद्यावर चेंडू चौकटीला केसाएवढा चाटून गेलेला दिसला आणि तो मान खाली घालून परत गेला. आजीबाईंनी उलटा ‘के’ आधीच काढून ठेवला होता. त्यांनी चॅलेंजसाठी वेगळी खूण केली का? नाही. ‘यंत्र चुकत नाही, मग लिहायचं काय?’

आठच्या पुढे नदीकडून वारा सुटला. इथले लोक त्याला डेल्टा ब्रीझ म्हणतात आणि दुपारभर त्याचीच वाट बघतात. दहा मिनिटांत शर्ट वाळला. हिरवळीवरची मुलं उठून उतारावरून लोळायला लागली आणि तिथल्या पालकांचं सामन्याशी उरलंसुरलं नातं तुटलं.

सामना कोण जिंकलं? एव्हिएटर्स, बऱ्याच फरकाने. दोन्हीकडून चुका पुष्कळ, पिचर पाच-पाच, सहा-सहा बदलले.

रविवार, जुनं सॅक्रामेंटो

रविवारी रिव्हर कॅट्सचा शेवटचा सामना दुपारी होता. त्या उन्हात बसायची कुणाची तयारी नव्हती आणि माझीही नव्हती, म्हणून वातानुकूलित संग्रहालय बरं.

कॅलिफोर्निया स्टेट रेलरोड म्युझियम मात्र वेळ काढून बघाच. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणाऱ्या लोहमार्गाचा पश्चिमेकडचा भाग सेंट्रल पॅसिफिक कंपनीने १८६३मध्ये याच गावातून टाकायला घेतला, १८६९मध्ये तो यूटाहात पूर्वेकडून आलेल्या रुळांना मिळाला. डोंगर फोडायचं काम हजारो चिनी मजुरांनी केलं, ते इथे मोकळेपणाने सांगितलं आहे. एका जुन्या झोपायच्या डब्यात चढलं की तो हलतो आणि बाहेर सिग्नलचे दिवे पळताना दिसतात. ही आणि ईशा त्यात दोनदा जाऊन आल्या.

जुन्या गावाचे फुटपाथ लाकडी फळ्यांचे, दुकानं पर्यटकांची, टाफी आणि टोप्यांची. ती पटापट ओलांडा. खरी गोष्ट पायाखाली आहे. १८६०च्या दशकात पुराला कंटाळून या लोकांनी रस्तेच उचलले. बऱ्याच इमारती तिथेच, रस्ते वर, त्यामुळे पूर्वीचे तळमजले तळघरं होऊन बसले. वाटाड्याबरोबर खाली उतरलं की जुन्या दुकानाचं दार समोर असतं आणि दारापुढे रस्त्याऐवजी मातीची भिंत. १८६२च्या पुरात नवे गव्हर्नर लीलंड स्टॅनफर्ड यांना शपथविधीला होडीतून जावं लागलं, ही गोष्ट इथला प्रत्येक वाटाड्या सांगतो.

संध्याकाळी जेवायला जाताना टॅक्सीचे चालक यूबा सिटीचे सरदारजी निघाले. आजोबांनी तिथे पीचच्या बागेत काम केलं, वडिलांनी बाग घेतली, ते स्वतः गाडी चालवतात. ‘कुठले?’ विचारलं, ‘नाशिक’ म्हटल्यावर ‘द्राक्षं!’ म्हणाले. त्यांना बेसबॉल आवडत नाही, पण ८१ अधिक ७५ हा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. ‘पाजी, पहिले गर्मी में आधे दिन खाली बैठते थे. अब मैच ही मैच.’

सोमवार, अ‍ॅथलेटिक्स

तोच पूल, तेच फाटक, खुर्च्याही शनिवारच्या शेजारच्याच रांगेत. तिकीट मात्र शनिवारच्या जवळपास तिप्पट. दुकानात पुढचे सगळे हँगर हिरवे झाले होते.

अ‍ॅथलेटिक्सच्या नावापुढे सध्या गावाचं नाव नाही. ना ओकलंड, ना सॅक्रामेंटो, नुसतं अ‍ॅथलेटिक्स. १९०१मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेला हा संघ, मग १९५५पासून कॅन्सस सिटी, १९६८पासून ओकलंड. खेळाडूंच्या एका बाहीवर सॅक्रामेंटोच्या पुलाची पट्टी, दुसऱ्या बाहीवर लास वेगासची.

या मैदानाची रचना मायनर लीगची असल्यामुळे एक दृश्य दिसतं ते दुसऱ्या मोठ्या मैदानांत सहसा दिसत नाही. कपडे बदलायच्या खोल्या डगआउटमागे नाहीत, आउटफिल्डच्या पलीकडे आहेत. लाखो डॉलर मिळवणारी माणसं हातात बॅटी घेऊन सगळं मैदान चालत ओलांडून येतात. पोरं कठड्यावर ओणवी होऊन नावं घेत होती. पाहुण्या संघाचा एक पिचर लवकर काढला गेला, तोही डगआउटमध्ये बसून राहिला, कारण उठून जायचं तर सगळ्यांच्या देखत मैदानाच्या कडेने चालावं लागलं असतं.

इथे आधी कृत्रिम गवत घालायचं ठरलं होतं. उन्हाळ्यात ते किती तापेल या खेळाडूंच्या काळजीमुळे नैसर्गिकच ठेवलं. दोन्ही दिवस मी त्या गवताकडे बारकाईने पाहिलं. दुसऱ्या बेसजवळ थोडं उडालेलं, बाकी उत्तम. माळ्यांना सलाम.

खेळातला फरक? स्कोअररच्या नजरेने सांगतो. पिचरचा वेग पडद्यावर बघितला तर शनिवारीही पंच्याण्णव-शहाण्णव मैलांचे चेंडू होतेच. फरक क्षेत्ररक्षणात आहे. शनिवारी शॉर्टस्टॉपकडे गेलेला चेंडू म्हणजे ‘बहुधा बाद’, सोमवारी म्हणजे बाद. शनिवारी पिचर चार बॉल टाकून माणसं फुकट बेसवर बसवत होते, सोमवारी त्यांना ती चैन नव्हती. यजमानांचा निक कुर्ट्झ पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षणाला होता. एप्रिलमध्ये तो एव्हिएटर्सकडून खेळत होता आणि २५ जुलैला ह्यूस्टनमध्ये त्याने एकाच सामन्यात चार होम रन मारले. नवोदिताने असं केल्याची मेजर लीगमधली ती पहिलीच वेळ. आम्ही गेलो त्या दिवशी त्याने एक चेंडू उजव्या बाजूच्या हिरवळीवर पाठवला. परवा पोरं लोळत होती तिथेच.

पण टपली मारणं नव्हतं! २०२५च्या हंगामात मेजर लीगच्या नेहमीच्या सामन्यांत ते नव्हतं, मेजर लीगने ते २०२६पासून स्वीकारलं. त्यामुळे शनिवारी त्याच प्लेटवर, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागी, यंत्राचा शब्द शेवटचा होता आणि सोमवारी माणसाचा. एका बॅटरने स्ट्राइकवरून अंपायरशी हुज्जत घातली, तेव्हा ईशा ओरडली, ‘आबा, शनिवारी असता तर वाचला असता!’

पलीकडच्या खुर्चीत ओकलंडचा एक माणूस होता, पन्नाशीचा, जुनी ओकलंडची टोपी. सव्वाशे किलोमीटर गाडी हाकत आला होता. २०२३च्या जूनमध्ये मालकाने संघ विकावा म्हणून २७,७५९ लोक मुद्दाम जमले होते, ‘सेल’, म्हणजे ‘विका’, असा एकच शब्द छापलेले हिरवे टीशर्ट घालून. त्यातला तो एक. शेवटच्या सामन्यानंतर मैदानाच्या कर्मचाऱ्यांनी दिलेली थोडी लाल माती त्याच्या घरी बरणीत आहे. ‘मग इथे का आलात?’ मुलाने विचारलं. ‘पोरांनी काय केलंय? ही पोरं चांगली आहेत,’ म्हणाला आणि कुर्ट्झच्या त्या फटक्याला सगळ्यांच्या आधी उभा राहिला. मालकाचं नाव मात्र त्याने एकदाही घेतलं नाही.

मैदान भरलं नव्हतं आणि जे होते त्यांतले बरेच पाहुण्या संघाचे. पाहुण्यांनी फटका मारला की जास्त आवाज व्हायचा. शनिवारच्या आजीबाई म्हणाल्या होत्या तसं, दोन चेंडूंच्या मधल्या वेळेत भोंग्यावरून काही ना काही वाजतच होतं, शेजाऱ्याशी बोलायचं तर कानात. खेळ सोमवारी कितीतरी वरचा झाला, हे मान्य. तरी पुन्हा एकाच सामन्याला जायची संधी मिळाली तर मी शनिवारचा निवडेन, आणि वाचलेल्या पैशांत हिला पाहिजे तितके नाचोज. मुलाचं मत नेमकं उलटं आहे. तो म्हणतो, एवढ्या लहान मैदानात मेजर लीगचा पिचर इतक्या जवळून परत कधी बघायला मिळणार? हेही खरंच. दुसऱ्या शहरांत असल्या खुर्चीला किती मोजावे लागतात ते त्याने मोबाइलवर काढून दाखवलं, तेव्हा मी विषय बदलला.

जाणाऱ्यांसाठी : दोन्ही संघांची वेळापत्रकं शेजारी ठेवून बघा. ट्रिपल-एच्या मालिका मंगळवार ते रविवार असतात, सोमवारी सुट्टी. त्यामुळे अ‍ॅथलेटिक्सचा मुक्काम सोमवारी सुरू होत असेल तो आठवडा गाठला तर आमच्यासारखं जमतं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचं तिकीट काढूच नका, संध्याकाळी सुद्धा छताखालच्या मागच्या रांगा आधी सावलीत जातात. एप्रिल-मे सगळ्यात उत्तम. पिशवीचे नियम आदल्या दिवशी तपासा, खिशात कार्ड ठेवा. गाडी आणली असेल तर नदीच्या अलीकडे लावून पुलावरून चालत या, सुटताना अर्धा तास वाचतो. दोन्ही सामने नको असतील आणि लहान मुलं बरोबर असतील तर रिव्हर कॅट्सचं हिरवळीचं तिकीट काढा, चादर न्या.